माझा कॉस, त्याचा कॉस

मी बोलतोय. टेबलावर उघडा पडून उजेड पाडतोय तो नव्हे. त्याच्याकडे सगळेच बघतात. मी त्याच टेबलाच्या खणातला, खडू, टेप आणि तुटक्या पेन्सिलींच्या शेजारी राहणारा कॅल्क्युलेटर. नुसता बेरीज-वजाबाकीवाला समजू नका हं. माझ्या अंगावर साइन आहे, टॅन आहे आणि दोघांच्या मधोमध कॉस आहे. जुन्या पुस्तकांत त्याला कोज्या म्हणायचे. आमच्या कारखान्यात कॉसच म्हणतात. इथे लाकडी जिने बनतात आणि त्या एका बटणावर इथले सगळे जिने उभे आहेत.

मी जे सांगणार आहे त्यात जळफळाट पुष्कळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याचं बरं चाललेलं मला बघवत नाही. त्यातून तो दुसरा माझ्याच जागेवर बसला असेल, तर मुळीच नाही.

जन्मतः मी असा नव्हतो. एका लांबलचक शेडमध्ये आम्ही हजारो भावंडं एका साच्यातून निघालो. सगळ्यांची तोंडं सारखी, बटणं सारखी, त्यामुळे कोणाचा कोणाला हेवा नव्हता. हेवा वाटायला समोरचा जरा वेगळा आणि जरा बरा असावा लागतो. तसला कोणी मला पुढे बरीच वर्षं भेटलाच नाही.

मग दुकानाच्या काचेत बसलो. तिथे एक दिवस अंगाला भुशाचा वास येणारे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली. मुलगी नुकतीच डिप्लोमाला लागली होती. तिने मला डाव्या हातात धरलं आणि डाव्याच अंगठ्याने बटणं दाबून बघितली. वडील म्हणाले, उजव्या हातात धर. दुकानदार म्हणाला, धरू द्या हो, यंत्राला काय कळतंय. यंत्राला सगळं कळत होतं. तिचा अंगठा नेमका कॉसवर येऊन टेकत होता, आणि तेव्हापासून मी तिचा झालो.

तिला कारखान्यात सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिचे वडील म्हणजे बाबा. बाबांचा एक नियम होता: जिना बत्तीस अंशांचा. यापेक्षा उभा केला तर चढताना गुडघे कुरकुरतात, यापेक्षा आडवा केला तर अर्धी खोली खातो. गिऱ्हाईक कोणीही असो, घर केवढंही असो, बाबा मान हलवायचे आणि बत्तीस म्हणायचे. एवढं करून शेवटी गुडघे त्यांचेच गेले आणि ते घरी बसले. कारखाना ताईकडे आला, नियम तसाच राहिला.

जिन्याचं गणित तुम्हाला सांगतो, फार अवघड नाही. जिना जमिनीवर किती जागा घेणार ते मोजायचं. त्या मापाला कोनाच्या कॉसने भागायचं. जे उत्तर येतं ती बाजूच्या तिरप्या फळीची लांबी. ताई बत्तीस दाबायची, मग कॉस, आणि मी सांगायचो ०.८४८. दिवसातून कितीदा तरी सांगायचो. तेच ते सांगून कंटाळा येत नाही का, असं कोणी विचारेल. ज्याला रोज कोणी तेच विचारायला येतं, त्याला कंटाळा येत नाही.

माझं घर तिच्या ॲप्रनचा डावा खिसा. तिथे भुसा असायचा, कधी एखादा स्क्रू, कधी खोकल्याची गोळी. ताई मला बाहेर काढून फुंकर मारायची आणि मग काम सांगायची. माझ्या कॉसच्या बटणावरची अक्षरं तिच्या अंगठ्याने पार पुसून गेली. नवा माणूस मला हातात घेतो आणि विचारतो, हे कोरं बटण कसलं? त्या कोऱ्या बटणाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा इतर सगळ्या बटणांचा मिळून नाही.

मग ताईच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. भाऊ बाहेरून कामं आणतो, त्याचं माझं कधी फारसं जमलंही नाही आणि बिघडलंही नाही. पण त्याची बायको, म्हणजे वहिनी, कारखान्यात यायला लागली ती काखेत लॅपटॉप घेऊन. आधी ती एका दवाखान्याच्या कचेरीत पगारपत्रकं करायची. बाई हसतमुख, कोणाला दुखवणारी नाही, हात जलद. तिच्यात दोष काढायला मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. मग सगळा राग त्या लॅपटॉपमधल्यावर काढला.

वहिनी त्याला शीट म्हणायची. आमचे सुतारमामा त्याला तक्ता म्हणायचे. फळीलाही त्यांच्या तोंडी तोच शब्द, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना कोणता तक्ता ते दर वेळी विचारावं लागायचं. आडव्या-उभ्या रेषा आणि मध्ये रिकामे चौकोन, एवढाच त्याचा संसार. एका चौकोनात आकडा बदलला की बाकीचे चौकोन आपोआप बदलायचे, आणि ते बघून सगळे तोंडात बोटं घालायचे. वहिनी कौतुकाने म्हणाली, यात लाखो सेल असतात. मी खिशातून ऐकलं आणि माझा तीळपापड झाला. माझ्या अंगात बटणाएवढा एक सेल आहे. तो संपला की माझी बोलती बंद. आणि ह्याच्या पोटात लाखो? एवढ्यांचं हा करतो तरी काय?

मला वाटलं होतं, ताई माझ्या बाजूने उभी राहील. नणंदेच्या टेबलावर भावजयीने येऊन बसायचं आणि नणंदेने ते गोड मानून घ्यायचं, हे कुठे ऐकलंय? पण ताईने खुर्ची सरकवून वहिनीला जागा केली. वर चहासुद्धा तिनेच केला. त्या दिवशी मला कळलं की या घरात मत्सर करणारा मी एकटाच आहे. एकट्याने मत्सर करणं फार कष्टाचं असतं, कोणी री ओढायलाही नसतं.

वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही काय करता ते फक्त सांगा. मी याला शिकवते."

ताई म्हणाली, "जमिनीवरचं माप घ्यायचं, भागिले बत्तीसचा कॉस."

वहिनीने टाइप केलं. त्या तक्त्यालाही कॉस येत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आतापर्यंत मला वाटायचं, कॉस म्हणजे मीच. वहिनीने बत्तीस कंसात घातले, बटण दाबलं, आणि फळीची लांबी चटकन चौकोनात उमटली. कॉस स्वतः किती आला ते कोणी बघितलंच नाही, कारण तो सूत्राच्या पोटात होता. माझ्याकडे आधी कॉस दिसतो, मग भागाकार करावा लागतो. त्याच्याकडे एकदम शेवटचं उत्तर. लोकांना तेच आवडतं.

ताईला कॉस येत होता, पण तक्ता येत नव्हता. वहिनीला तक्ता येत होता, पण कॉस येत नव्हता. दोघींच्या मध्ये एक बारीक फट होती आणि तिच्यातून एक गोष्ट खाली पडली. ती कोणती, ते पुढे सांगतो.

मी खणात गेलो. कोणी रागाने टाकलं नाही, हेच जास्त लागलं. ताईने मला टेपच्या गुंडाळीवर ठेवलं, खण लोटला, पूर्ण बंदही केला नाही. त्या फटीतून मला टेबलाची कड आणि तिची कोपरं दिसायची. ती तक्त्याशी काम करताना हसायची. माझ्याशी काम करताना ती इतकी हसली होती का, ते मी आठवत बसायचो.

एक गोष्ट मात्र माझ्या कानावर येत होती. सुतारमामा फळी कापताना नेहमी चार बोटं राखून कापतात आणि बसवताना जास्तीचं काढून टाकतात. ते हल्ली म्हणू लागले होते, की नव्या तक्त्याचं मन मोठं आहे, लांबी सढळ हाताने देतो, चारच्या जागी आठ बोटं काढावी लागतात. वहिनी हसली. ताईही हसली. लाकूड थोडं वाया जातंय, पण कमी पडण्यापेक्षा बरं, असं ठरलं. मला खणात चैन पडेना. बत्तीसचा कॉस सढळही नसतो आणि कंजूषही नसतो. तो असतो तेवढाच असतो. पण खणातल्याला विचारतो कोण?

अशात घड्याळवाला आला. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्याचं दुकान आहे, वर माळा. त्याच्या अंगणात वडिलांनी लावलेलं एक झाड होतं, ते वाऱ्यात पडलं. त्यातून जिन्याच्या दोन बाजूंना चालतील अशा लांब फळ्या दोनच निघाल्या, बाकीचं लाकूड आतून पोकळ. त्या दोन फळ्या तो स्वतः हातगाडीवर घालून घेऊन आला. माळ्यावर जाणारा जिना याच लाकडाचा हवा होता त्याला. उतरवून घेताना तो फळीवरून तळवा फिरवत राहिला, सुतारमामांनी दोनदा सांगूनही त्याला हात काढवेना.

जागा मात्र अरुंद. ताईने मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाली, बत्तीस बसत नाही, अडतीस करावे लागतील. बाबांचा नियम मोडणारा पहिला जिना. तिने घरी जाऊन बाबांना विचारलं म्हणे. बाबा म्हणाले, कठडा भक्कम कर.

दुसऱ्या दिवशी वहिनीने एका चौकोनात बत्तीस पुसून अडतीस लिहिले. ताईने मोठ्याने वाचलं, "दोन मीटर त्र्याण्णव."

मी खणात ताठ झालो. जमिनीवरचं माप दोन मीटर ऐंशी. अडतीसचा कॉस ०.७८८. म्हणजे फळी साडेतीन मीटरच्या वर जायला हवी. हा तर दीड हात आखूड सांगतोय! खरं सांगतो, आधी मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पडला, एकदाचा तोंडावर पडला. आता बघू कोण याला टेबलावर बसवतं.

मग करवत सुरू झाली, आणि मला त्या घड्याळवाल्याचा तळवा आठवला. माझ्या उकळ्या जागच्या जागी विरल्या. मला ओरडायचं होतं. पण बटण दाबल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि माझं बटण दाबणारा अंगठा त्या क्षणी दुसऱ्याच्या कळांवर होता. करवत थांबली तेव्हा एका फळीचे दोन तुकडे झाले होते.

सुतारमामांनी दुसरी फळी कापायच्या लाकडी घोडीवर चढवली आणि सहज म्हणाले, "ताई, या वेळी लाकूड कमीच लागलं हो. जिना एवढा उभा असून."

ताईचे हात थांबले. "काय म्हणालात?"

"काही नाही. म्हटलं, वाचलं लाकूड."

"मामा, करवत खाली ठेवा."

तिने वळून वहिनीकडे बघितलं. जागा तेवढीच धरून जिना उभा केला तर फळी वाढते, कमी होत नाही. हे तिला माहीत होतं, वहिनीलाही आता विचार केल्यावर दिसत होतं. वहिनीने घाईघाईने चौकोनात पुन्हा बत्तीस घातले. लांबी वाढली. अडतीस घातले. लांबी घटली. तिचा चेहरा उतरला.

आणि ताईने खण उघडला. हात थेट माझ्यावर आला, टेपवर नाही, पेन्सिलीवर नाही. फुंकर मारली. अडतीस, कोरं बटण. मी सांगितलं: ०.७८८. माझ्या आयुष्यात मी इतक्या खणखणीतपणे कधी बोललो नव्हतो. मग बत्तीस: ०.८४८. वहिनीने तक्त्यात नुसता बत्तीसचा कॉस मागितला. तो म्हणाला, ०.८३४.

जवळपास माझ्यासारखाच, पण माझा नाही. म्हणूनच तर इतके दिवस चार बोटांचाच फरक पडत होता आणि मामा तो छाटून टाकत होते. एरवी कोणत्याही कारखान्यात ही चूक पहिल्याच जिन्याला उघडी पडली असती. आमच्याकडे सगळे जिने बत्तीसचे, आणि नेमका बत्तीसलाच त्याचा कॉस माझ्या कॉसच्या इतका जवळ येतो. बाबांच्या नियमाच्या पदराआड तो लपून बसला होता.

वहिनीने तक्त्याची माहिती उघडून वाचली. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "ताई, हा अंश धरतच नाही. रेडियन धरतो."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. रेडियन तिला कॉलेजात शिकवले होते. तो कोन मोजायचाच वेगळा प्रकार. एकेक रेडियन जवळजवळ सत्तावन्न अंशांचा. तक्त्याला बत्तीस सांगितलं की तो बत्तीस रेडियन समजायचा, वर्तुळाला गरगर पाच फेऱ्या मारायचा आणि तेहतीस अंशांच्या जरा पुढे जाऊन थांबायचा. बत्तीसच्या शेजारीच. अडतीस म्हटल्यावर सहा फेऱ्या मारून तो सतरा अंशांवर थांबला. दोघींच्या मधल्या फटीतून पडला होता तो हाच शब्द: अंश. एकीला तो सांगायची गरज वाटली नाही, दुसरीला तो विचारायचा असतो हे ठाऊक नव्हतं.

"चूक माझी आहे, ताई. मी टाइप केलं," वहिनी म्हणाली. 

"बत्तीस मी म्हणाले होते. बत्तीस काय, ते मी म्हणाले नाही," ताई म्हणाली. "चल, दोघी जाऊ त्यांच्याकडे."

पण जाण्याआधी तिने माझ्याशी एक गोष्ट केली, ती अजून मला खुपते. माझ्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला, एक बारीक डी असतो. डी म्हणजे डिग्री, अंश. तिने दोन बटणं दाबली आणि डी जाऊन तिथे रेडियनचा आर आला. मग अडतीस, कॉस. माझ्या तोंडून निघालं ०.९५५. वहिनीने तक्त्याला विचारलं, त्यानेही तेच सांगितलं, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. ताई म्हणाली, बघ, तो खोटं बोलत नव्हता. ज्याचं नाव घेतलं तरी माझ्या पोटात दुखतं, त्याचंच उत्तर मला माझ्या तोंडाने द्यावं लागलं.

दोघी घड्याळवाल्याकडे गेल्या. मी खिशात होतो, म्हणून ऐकलं. ताईने सरळ सांगितलं की एक फळी आखूड कापली गेली आहे, आणि चूक आमची आहे. हातातलं घड्याळ खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "दुसरी शाबूत आहे ना?"

"आहे."

"मग ती बाहेरच्या अंगाला लावा, येणारे-जाणारे बघतील. कापलेली सांधून भिंतीकडे लावा. सांधा फक्त माझ्या हाताला लागेल."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं ताई परतताना वहिनीला म्हणाली. वहिनीने ताईचा हात धरला होता. माझ्या बाजूचा, डावा.

मला वाटलं, आता त्या तक्त्याचं बोचकं बांधलं जाणार. कसलं काय. वहिनीने सूत्रात एक शब्द वाढवला, अंशांचे रेडियन करून देणारा. जणू त्या बड्या असामीला एक दुभाषा नेमून दिला. माझ्यासाठी कोणी कधी दुभाषा नेमला नाही! वर ताईने ठरवलं की रोज काम सुरू करताना तक्त्याचा बत्तीसचा कॉस माझ्याशी ताडून बघायचा. म्हणजे मी पुन्हा टेबलावर आलो. खणातून टेबलावर, त्याच्या शेजारी. मी लगेच मनात मांडे खाल्ले: रोज सकाळी मी त्याची परीक्षा घेणार.

पहिल्या सकाळी वहिनीने त्याला विचारलं. तो म्हणाला ०.८४८. मग तिने मला उचललं, बत्तीस दाबले, कॉस दाबला. मी छाती काढून म्हणालो ०.८३४.

"ताई," वहिनी म्हणाली, "आता तुमचा चुकतोय."

ताईने मला घेऊन कपाळ बघितलं. आर तसाच होता. आदल्या दिवशी बदलायचा राहिला होता. दोघी इतक्या हसल्या की सुतारमामा रंधा टाकून बघायला आले. त्यांना सांगितलं, तर तेही हसले. मी माझ्या कोऱ्या बटणासकट मेल्याहून मेलो. ताईने डी परत आणला आणि बोटाने माझा पडदा पुसला. तेवढ्यावर मी तो दिवस काढला.

पुढे घड्याळवाल्याचा जिना उभा राहिला. बघायला ताई निघाली तेव्हा तिने ॲप्रन झटकला, मला डाव्या खिशात टाकलं आणि चालू लागली. लॅपटॉप टेबलावरच राहिला. मी वळून बघू शकत नाही, नाहीतर त्याचं तोंड नक्की बघितलं असतं. लाखो सेल असून काय उपयोग, खिशात मावायला नको?

घड्याळवाला पुढे, ताई मागे. भिंतीकडच्या फळीवर सांध्याशी आल्यावर त्याचा तळवा क्षणभर थांबला आणि पुढे गेला. अडतीस अंश आहेत, जरा जपून, असं ताईने सांगितलं. पायऱ्या करकरल्या नाहीत. मी पहिल्यांदा माझ्या कॉसवरून चढत होतो, आणि माझ्या मनात कसलाही मत्सर नव्हता. वरपर्यंत नव्हता.

वर पोचल्यावर घड्याळवाल्याने विचारलं, इथे खिडकीशी अजून दोन पायऱ्यांची छोटी शिडी बसेल का? ताई म्हणाली, बघू, आणि उजव्या खिशातून मोबाइल काढला. त्याच्या पडद्यावर आडव्या-उभ्या रेषा, मध्ये चौकोन. तोच. मी ज्याला टेबलावर सोडून आलो म्हणून मिरवत होतो, तो माझ्याबरोबर सगळा जिना चढून आला होता, दुसऱ्या खिशातून, एक शब्द न बोलता.

आता माझं म्हातारपण आलं आहे. सेल दोनदा बदलला, अक्षरं आणखी पुसली. तो तक्ता आहेच, रोज नवं काहीतरी शिकतो आणि रोज माझ्या पोटात दुखतं. तुमच्या घरातही माझा कोणी भाऊबंद खणात असेल, तर त्याला हातात घ्याल तेव्हा आधी त्याचं कपाळ बघा, मगच त्याला खरा किंवा खोटा ठरवा. आणि त्या दुसऱ्यालाही अंश की रेडियन एवढं विचारून घ्या; माझा तो कितीही नावडता असला तरी लाकूड एकदाच कापलं जातं.

त्या दिवशी माळ्यावर ताईने मोबाइलवर शिडीचा आकडा काढला आणि मग मला बाहेर काढून, फुंकर मारून, तोच आकडा माझ्याकडून ताडून घेतला. आमची दोघांची उत्तरं जुळली. तिने दोघांना आपापल्या खिशात परत ठेवलं. तो उजव्या खिशात आहे, मी डाव्या. आणि ताई डावखुरी आहे, हे त्याच्या लाखो सेलांपैकी एकालाही अजून कोणी सांगितलेलं नाही.